नखाला लागलेली रेघ

सुरुवातीलाच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. अक्षर असं की किराणावाला माझीच यादी मला वाचायला लावतो. पण बोलण्यापेक्षा मला लिहिणं बरं पडतं. लिहिताना समोर कोणी तोंडाकडे बघत नसतं.

अरविंद आमच्या दुकानासमोर उभा राहून पिकअपच्या दारावर थापा मारत होता, तिथून सांगते.

"प्रमोदभाऊ, या बाहेर. पाहा तुमच्या बाईनं काय करून ठेवलं!"

तुमची बाई म्हणजे मी. कोराडी रोडवर गाड्यांच्या काचांचं दुकान आहे, तिथे मी कामाला आहे. प्रमोदभाऊ मालक. अरविंद गिऱ्हाईक. त्याची पिकअप खापरखेड्याकडून राखेच्या विटा वाहते, आणि मधूनमधून तिथल्या विजेच्या प्लांटच्या आत सामान नेते. मीही खापरखेड्याचीच, पण त्याची माझी ओळख दुकानातली.

मी हात पुसत बाहेर आले. पिकअपच्या दोन्ही दारांच्या काचा धुंद, धुरकट झाल्या होत्या. जवळ गेलं की कळत होतं, ती धुंदी म्हणजे बारीक रेघा होत्या. असंख्य. एकात एक गुंतलेल्या.

"आठ दिवसाआधी काच चकचक होती," अरविंद म्हणाला. "तुमच्याकडे रेडियम काढ्याले आणली, अन् आता साइडचा आरसाच दिसत नाई. गेटवरचा सेफ्टीवाला म्हणते, काचा बदलव, नाई तर गाडी आत येत नाई."

रेडियम म्हणजे गाडीवर चिकटवतात ती चमकणारी अक्षरं. त्याच्या दोन्ही काचांवर बाहेरून मोठ्या अक्षरांत ‘आईचा आशीर्वाद’ लिहिलेलं होतं. त्यामुळे ड्रायव्हरला आरसा नीट दिसत नाही म्हणून गेटवर हरकत घेतली होती, आणि ती अक्षरं मी काढली होती. साबणाचं पाणी, ब्लेड, आणि मागे राहिलेल्या गोंदाला थिनर. एवढंच काम.

"रंजनाताई, ब्लेड कोणतं लावलं होतं?" प्रमोदभाऊंनी विचारलं.

"नवीन."

"पाणी?"

"होतं."

"मंग या रेघा काय माह्या सासऱ्यानं मारल्या?" अरविंद म्हणाला.

मी काचेला डोळा लावून पाहिलं. रेघा गोल होत्या. ब्लेड गोल चालत नाही.

"ब्लेडची रेघ सरळ जाते," मी म्हटलं. कोणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं.

"काय म्हणते ही?" अरविंदनं विचारलं.

"ब्लेडची सरळ जाते म्हणते," प्रमोदभाऊंनी सांगितलं. मग माझ्याकडे वळले. "अन् आपल्या मशीनचं पॅड? थे तं गोलच फिरते नं?"

"हो."

"मंग झालं."

मी पॅड लावलंच नव्हतं. पण ते सांगायला आणखी एक वाक्य लागलं असतं, आणि तोपर्यंत ते दोघं आत चहा प्यायला गेले होते.

आता पॅड म्हणजे काय ते सांगते. काचेवर रेघ आली की आधी नख लावून पाहायचं. बोटाचं नख रेघेवरून आडवं फिरवायचं. नख घसरून गेलं तर रेघ वरवरची आहे. ती पॉलिश करून जाते. नख अडकलं तर रेघ खोल आहे, तिथे काच बदललेली बरी. पॉलिशची पावडर गुलाबी असते. पाण्यात कालवून ताकासारखी पातळ करायची, मशीनला नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, जाड पॅड लावायचं आणि हळूहळू फिरवायचं. पाणी सारखं द्यायचं. दाराची काच टफन, म्हणजे तापवून कडक केलेली असते. तापून फुटली तर तिचे साबुदाण्यासारखे दाणे होतात. आणि एकाच जागी जास्त घासलं तर काचेला लहर येते. रेघ जाते, पण त्यातून बाहेरचा विजेचा खांब पाहिला तर तो कमरेत वाकल्यासारखा दिसतो.

मला दुकानात ठेवलं होतं झाडूपोछ्यासाठी. पॉलिश मी उभं राहून राहून शिकले. जुना कारागीर सोडून गेला, त्या दिवशी एक गाडी अडली होती, ती मी करून दिली. तेव्हापासून पॅड माझ्याकडे होतं. मला ते काम फार आवडायचं. त्यात कोणाशी बोलावं लागत नाही. मशीनचा आवाज एवढा असतो की कोणी काही विचारलं तरी ऐकू आलं नाही असं दाखवता येतं.

अरविंदच्या काचेला मी नख लावलं. काही जागी घसरलं. बऱ्याच जागी अडकलं. एक गोष्ट आणखी दिसली. काचेच्या वरच्या भागात रेघ नव्हती. तिथे काच नव्यासारखी होती. आणि खालच्या रबरात नारळाच्या शेंडीचा एक तंतू अडकला होता. गाडीपुढे नारळ सगळेच फोडतात. मी तो काढून फेकून दिला.

"पॉलिश करून पाय," प्रमोदभाऊ म्हणाले. "गेली तं ठीक. नाई तं नवीन काच टाका लागंल."

"नाही जाणार," मी म्हटलं.

"पाय तं खरं."

पाहिलं. दुपारभर उजवी काच घेतली. वरवरच्या रेघा गेल्या, खोल तिथेच राहिल्या, आणि मधोमध लहर आली. अरविंद सीटवर बसला, आरशात पाहिलं आणि म्हणाला, "वा! आता मांगून येणारा ट्रक नाचत येते."

दोन्ही काचा बदलल्या. दुकानाचा नियम साधा आहे. ज्याच्या हातून काच खराब झाली, त्याच्या पगारातून ती कापायची. प्रमोदभाऊंच्या हातून फुटली तर ते कशातून कापतात, हे मी कधी विचारलं नाही.

"थोडे थोडे करून कापतो," ते म्हणाले. "अन् पॅड काही दिवस शेखरकडे राहू द्या. तुम्ही आपलं झाडपोछ पाहा. गिऱ्हाईक इचारते नं, कोण काम करते म्हणून."

शेखर म्हणजे काचा बसवणारा फिटर. त्यालाही पॅड नको होतं. त्याच्या अंगावर गुलाबी पाणी उडायचं आणि तो घरी जाताना होळी खेळून आल्यासारखा दिसायचा.

पगार कापला गेला ते मी सोसलं असतं. झाडू हातात आला ते जास्त लागलं. झाडू मारणाऱ्या बाईला दिवसभर कोणी ना कोणी बोलावतं. रंजनाताई चहा सांगा, रंजनाताई स्टूल द्या, रंजनाताई बाहेर कोण आलं पाहा. माझं बोलणं महिनाभरात दुप्पट झालं.

मग अरविंद परत आला.

या वेळी त्याच्या शेजारी त्याची आई बसलेली होती. मैनामावशी. बुटकी, जाड, हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर मोठं कुंकू थोडं बाजूला सरकलेलं. तिला धंतोलीला डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. जाता जाता अरविंदनं गाडी आमच्याकडे वळवली होती.

काचा पुन्हा धुंद होत्या. दोन्ही. नव्या काचा.

"आता बोला प्रमोदभाऊ," अरविंद म्हणाला. "आता तं तुमच्या बाईनं हातबी नाई लावला. काचच डुप्लिकेट आहे तुमची."

"डुप्लिकेट? कंपनीचा मार्क आहे त्याच्यावर!"

"मार्क तं दुधाच्या पिशवीवरबी राह्यते. मी सांगतो सगळ्या पिकअपवाल्यांले. गेटवर रोज पन्नास गाड्या लागते."

प्रमोदभाऊ चिडले, पण गेटवरच्या गाड्यांचं नाव निघाल्यावर आवाज खाली आला. "चाल, मांगं गोडाऊनमध्ये चाल. तूच पाय, मी कोणता माल ठेवतो थो." दोघं मागे गेले.

मी झाडू मारत होते. दाराजवळ आले तर मैनामावशी काच खाली करायला धडपडत होती. कुठलं हँडल, कुठली कडी, ती हातानं चाचपत होती. मी बाहेरून दार उघडून दिलं.

"कोण वं?" तिनं विचारलं. मी अगदी समोर उभी होते.

"रंजना. इथेच काम करते."

"थेच का? काच खराब करणारी?"

मी तिच्यासाठी दार धरून ठेवलं.

"काच घासता येत नाई का वं तुले?" ती खाली उतरली. पायरी पायानं शोधून उतरली. "मले इचारायचं. माह्या हातच्या भांड्यात तोंड पाहून घ्या म्हणते लोक. लग्नाच्या घरी मडक्यावरच्या लांब पोळ्या करायले जातो मी, तं माहं उलटं मडकं अन् माही परात पाहूनच बाया चूप होते."

माझी नजर दाराच्या रबरावर गेली. शेंडीचा तंतू. पुन्हा. आणि त्याच्या भोवती राखाडी, मऊ, पिठासारखी धूळ. खापरखेड्याच्या माणसाला ती धूळ सांगावी लागत नाही. प्लांटची राख आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर असते, पापडांवर असते. आणि मोरीत एका डब्यात मुद्दाम भरून ठेवलेलीही असते. भांडी तिनं फार छान निघतात. चुलीच्या राखेपेक्षा छान. माझ्याही घरी तो डबा आहे. माझ्या स्टीलच्या ताटांवरही बारीक गोल रेघा आहेत.

"मावशी," मी म्हटलं, "गाडीची काच कोण पुसते?"

"पुसते? पुसून काय होते? घासतो मी. रोज संध्याकाळी गाडी आली की घासतो." तिचा चेहरा खुलला. "थ्या सेफ्टीवाल्यानं माहं नाव काढ्याले लावलं काचेवरचं. नाव गेलं, पण डाग राह्यला. मले दिसत होता नं. धुंद धुंद. मंग घेतली आपली राख, अन् शेंडी. घास घास घासलं. तरी धुंदच. म्हटलं, उद्या आणखी घासू."

"नव्या काचेलाही?"

"नवी तं पहिल्या दिवसापासूनच धुंद होती. कायची नवी? तुमचा मालक फसवते लोकायले."

मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. दोन्ही बुबुळांवर दुधाची साय आल्यासारखं होतं. ती धंतोलीला कशासाठी चालली होती, ते मला आत्ता कळलं.

माझ्यासारख्या बाईला अशा वेळी काय बोलावं ते सुचत नाही. काच तुम्हीच खराब केली, असं त्या बाईच्या तोंडावर कसं म्हणायचं? आणि नाही म्हटलं तर झाडू माझ्या हातात राहणार होता. मी झाडू दाराला टेकवला आणि तिचा हात धरला.

"नख लावा," मी म्हटलं.

"काहून?"

"लावा ना."

तिचं बोट मी काचेच्या मधोमध ठेवलं आणि आडवं ओढलं. नख कर्रर्र करत गेलं. अडकलं, सुटलं, पुन्हा अडकलं.

"हे काय होय?"

"रेघा."

"कायच्या?"

तिला पायरीवर चढवलं. तिचं बोट काचेच्या अगदी वरच्या कडेला नेलं आणि तिथे ओढलं. नख लोण्यावरून गेल्यासारखं गेलं.

"इथं नाई," ती म्हणाली.

"नाही."

तिनं माझा हात सोडवला. स्वतःच बोट वरून खाली आणलं. गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग कर्रर्र. पुन्हा वर नेलं. पुन्हा खाली. रेघा जिथे सुरू होत होत्या तिथे तिचं बोट थांबलं. मग ती पायरीवरून उतरली, जमिनीवर उभी राहिली आणि त्याच जागेपर्यंत हात उचलून पाहिला. हात बरोबर तिथे पोचला. त्याच्या वर जोर लावता येईना.

"याच्या वर माहा हात नाई पोचत," ती म्हणाली.

रस्त्यावरून विटांचा एक ट्रॅक्टर गेला.

"पहिल्या काचेचे पैसे कोणी भरले?" तिनं विचारलं.

"माझे कापून राहिले."

"अन् झाडू काहून मारते? तू तं काचेवाली होय नं?"

"तोही तेव्हापासून."

"तू सांगणार आहे का मालकाले?"

"नाही," मी म्हटलं. मी खरंच सांगितलं नसतं. सांगता आलंच नसतं.

ती पुन्हा सीटवर जाऊन बसली. पदरानं बोट पुसलं. मला वाटलं, आता हे इथेच संपलं. मी झाडू उचलला.

तेवढ्यात दोघं गोडाऊनमधून परत आले. प्रमोदभाऊ म्हणत होते, "काच चांगलीच आहे, तुमच्याकडे धूळ हाय तं आम्ही काय करू?" आणि अरविंद म्हणत होता, "मंग पहिल्यांदा तुमच्या बाईचे पैसे काहून कापले?"

"थे तिच्या हाताचं होतं."

"तं मंग थ्या बाईले झाडूच मारू द्या जन्मभर. काचेजवळ येऊ देऊ नका. माही एक फेरी बुडाली तिच्यापायी."

"अरविंदा, चूप बस," मैनामावशी म्हणाली.

"आई, तू मधात बोलू नको, दवाखान्याले उशीर होते."

"चूप म्हटलं नं. काच मी घासली."

"तं घासली असंल. त्याच्यानं काय होते?"

"राखेनं घासली. शेंडीनं. पहिलीबी, हेबी. माह्या नखाले लागल्या रेघा. तुह्याबी नखाले लागंल, पाय लावून."

अरविंदनं नख लावलं नाही. तो आईकडे वळला. "तूनं?"

"मंग कोण, तुहा बाप? त्यानं तं कधी कपबी नाई इसळला."

"सांगायचं नाई का मले?"

"काय सांगू? साफ करून राहिलो म्हणून सांगू? तुह्या गाडीवर माहं नाव होतं. काच धुंद दिसली तं मले लाज नाई वाटत का?"

प्रमोदभाऊंनी घसा साफ केला. त्यांना एकदम आठवलं की शेखरला काहीतरी सांगायचं राहिलं आहे.

"थांब गा मालका," मैनामावशीनं त्यांना अडवलं. "या बाईचे कापलेले पैसे मी देईन. माह्या पोळ्यायच्या पैशातून. याच्या खिशातून नाई. अन् तिच्या हातातला झाडू घे."

प्रमोदभाऊंना हे फारच पटलं, कारण त्यात त्यांचा खिसा कुठे आला नाही. काचा पुन्हा बदलल्या, त्यांचे पैसे अरविंदनं दिले. माझी माफी कोणी मागितली नाही. प्रमोदभाऊ फक्त म्हणाले, "रंजनाताई, उद्यापासून पॅड घ्या. शेखरच्या बायकोची तक्रार आहे, कपडे गुलाबी होते म्हणून." माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं. अरविंद जाताना माझ्याकडे न पाहता म्हणाला, "ताई, राग नका ठेवू." मी मान हलवली. तो पाहत नव्हता, त्यामुळे त्याला दिसली नसेल.

दवाखान्यात मोतीबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. डॉक्टरांनी म्हणे विचारलं, एवढे दिवस काय करत होतात? मावशी म्हणाली, काच घासत होतो.

पैसे ती थोडे थोडे देऊ लागली. लग्नाचं काम मिळालं की दुसऱ्या दिवशी माझ्या घरी यायची. पदराच्या गाठीतून नोटा काढायची आणि बोटांनी चाचपून द्यायची. एकदा तिनं मोठी नोट छोटी समजून दिली. मी परत केली तर म्हणाली, "ठेव, पुढच्या बारीतून कमी करू." मी ठेवली नाही. तिला राग आला. पण पुढच्या वेळी तिनं नोटांसोबत दोन लांब पोळ्या आणल्या, कापडात गुंडाळून, रुमालासारख्या पातळ. त्या मी ठेवल्या.

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. अरविंदनं ‘आईचा आशीर्वाद’ पुन्हा लिहून घेतलं, आमच्याच दुकानाशेजारी. या वेळी गाडीच्या मागच्या फळीवर, जिथून कोणाला काही पाहायचं नसतं.

दुकानात आता एक बदल झाला आहे. कोणी रेघा पडलेली काच घेऊन आलं की मी आधी नख लावते, आणि मग विचारते, तुमच्या घरी भांडी कशानं घासता? लोक चमकतात. एकानं प्रमोदभाऊंना विचारलं, या ताईच्या डोक्यात काही फरक आहे का? पण मी विचारते. या प्रश्नापुरता माझा आवाजही मोठा निघतो. माझ्या मोरीतला राखेचा डबा मी फेकलेला नाही. भांड्यांना ती राख चांगलीच आहे. डब्याच्या झाकणावर फक्त चष्म्याची काच, आरसा आणि मोबाइल यांची चित्रं काढून त्यावर फुली मारली आहे. चित्रंही माझ्या अक्षरासारखीच आली आहेत, पण घरच्यांना कळतात.

शेवटचे पैसे द्यायला मैनामावशी घरी नाही, दुकानात आली. अरविंद तिला घेऊन आला होता. काळा चष्मा लावलेला. गाडीतून उतरली, पायरीकडे नुसतं पाहून उतरली, पायानं शोधली नाही. काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि दाराच्या काचेत पाहत उभी राहिली. स्वतःचं कुंकू मधोमध सरकवलं.

"आता साफ दिसते," ती म्हणाली. "कोणी घासली?"

"कोणीच नाही," मी म्हटलं.

तिनं पदराची गाठ सोडली. मी हात पुढे केला. तिनं नोटा एकदम दिल्या नाहीत. एकेक नोट उन्हात धरली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि मोठ्यानं आकडा म्हणून माझ्या तळहातावर ठेवली. अरविंद हॉर्न वाजवत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. शेवटची नोट ठेवून तिनं माझी मूठ बंद केली.

पैसे पूर्ण फिटले होते.